ताहरसाठी गोळी निवडताना

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, मी आता राहते त्या अमेरिकेच्या पूर्वेकडच्या कॅरी गावात, पाइनची झाडं परागकण सोडायला लागतात. सकाळी ऑफिसला निघावं तर गाडी पिवळी झालेली असते, अंगणातली खुर्ची पिवळी, शेजाऱ्यांच्या मांजराची पाठसुद्धा पिवळी. वायपर चालू केला की काचेवरून हळदीच्या पाण्यासारखे ओघळ उतरतात. सगळे शिंकत असतात, एकमेकांना ॲलर्जीची औषधं सुचवत असतात. मी मात्र त्या ओघळांकडे बघत दोन मिनिटं गाडीतच बसून राहते. इथला वसंत असा कोरडा आणि पिवळा. मी अमेरिकेत पाहिलेला पहिला वसंत काळा होता, ओला होता आणि बुटांना चिकटायचा.

माँटानात वसंत म्हणजे चिखल. पाच-सहा महिने दबून बसलेलं बर्फ सुटायला लागतं आणि आत धरून ठेवलेलं सगळं बाहेर येतं: हरवलेले हातमोजे, कुत्र्यांची घाण, मागच्या वर्षीची कुजकी पानं. पन्हळी दिवसभर ठिबकत असतात. मी तिथे एका घराच्या तळघरात राहायचे. माझी खिडकी जमिनीला टेकलेली होती. हिवाळाभर तिच्याबाहेर नुसती बर्फाची भिंत असायची. २००४ च्या मार्चमध्ये त्या भिंतीवर वरच्या बाजूला आभाळाची एक फट दिसली. दोन-तीन दिवसांनी त्या फटीतून रबरी बूट दिसले. बूट वॉल्टरचे होते.

वॉल्टर म्हणजे माझे घरमालक. अडुसष्ट वर्षांचे, उंच, शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोचं नाव बेटी. मी राहायला आले त्या दिवशी जिन्यावरून त्यांनी ‘बेटी!’ अशी हाक मारली आणि मी खालून ‘आले’ म्हणत धावले. हा किस्सा वॉल्टर पुढे भेटेल त्याला सांगायचे. दोघांनाही मी नावानेच हाक मारायचे, तिथली रीतच ती. पण मनात वॉल्टर कायम अहो-जाहोच राहिले. बेटी कधी अगं-तुगं झाली ते कळलं नाही.

त्या शनिवारी वॉल्टर खाली आले, हातातलं मासिक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “तू वाऱ्याचा अभ्यास करतेस ना?”

“पवनचक्कीच्या पात्यांचा,” मी म्हटलं. “पात्यावरून हवा कशी वाहते त्याचा.”

“मग झालं तर. पातं काय नि गोळी काय, हवा तीच.”

मासिकाच्या पानावर एका कड्यावर उभं असलेलं जनावर होतं. बोकडासारखं, पण मानेभोवती सिंहासारखी दाट आयाळ, वाऱ्याने एका बाजूला उडालेली. ताहर. मूळचं हिमालयातलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी न्यूझीलंडच्या डोंगरात सोडलं आणि तिथे ते इतकं माजलं, की आता तिथलं सरकारच म्हणतं, मारा. वॉल्टरनी जन्मभर माँटानातली हरणं आणि सांबरासारखी एल्क मारली होती. वर्षभराचं मांस त्यांच्या फ्रीझरमध्ये असायचं. “पण सगळे डोंगर माझ्या खिडकीतून दिसणारे,” ते म्हणाले. “एक तरी न दिसणारा चढायचाय.” मेच्या शेवटी जायचं ठरलं होतं. तिकडे तेव्हा थंडी सुरू होते, जनावराची आयाळ भरते. फक्त बंदूक कुठली न्यायची आणि तिच्यात गोळी कुठली, एवढंच ठरायचं होतं.

त्याच शनिवारी फोनवर मी बाबांना साताऱ्याला हे सांगितलं. ते म्हणाले, “अगं, तुला पवनचक्क्यांसाठी पाठवलं होतं ना?”

“बंदूक शिकत नाहीये बाबा, गणित करून देतेय.”

“बरं. पण लांब उभी राहा.”

आमच्या घरी रविवारी मटण असायचं, त्यामुळे जीवहत्येबद्दल नाक मुरडायचं मला काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. हिमालयातलं जनावर न्यूझीलंडात, ते मारायला माँटानाचा माणूस आणि त्याचं गणित सातारच्या मुलीकडे.

त्या महिन्यात मी ती भाषा शिकले. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, साधारण तेवढीच गोळीची जाडी. थर्टी-ओ-सिक्स, टू-सेव्हन्टी, थ्री हंड्रेड मॅग्नम ही नावं गावातल्या बंदुकीच्या दुकानात लोक तासन्‌तास अशी घ्यायचे, जशी आपल्याकडे कोल्हापूरची मिसळ की पुण्याची यावर माणसं भांडतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये. दीडशे ग्रेन म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम, आपला सोनार ज्याला तोळा म्हणतो साधारण तेवढं. मऊ शिशाची गोळी लागल्या लागल्या फुलते, पण जाड हाडावर आपटली तर फुटून जाते, आत पोचत नाही. नुसत्या तांब्याची गोळी खोल जाते, पण लांब अंतरावर वेग उतरला की फुलतेच असं नाही. उंचावर हवा विरळ, म्हणून गोळी वाटेत कमी खाली येते. खाली उतारावर मारायचं तर दिसणारं अंतर धरायचं नाही, सपाटीवरचं धरायचं. नाहीतर गोळी वरून जाते. हे शेवटचं मी त्यांना कागदावर त्रिकोण काढून दाखवलं तेव्हा वॉल्टर खूश झाले. “चाळीस वर्षं हे मी अंदाजाने करतोय,” म्हणाले.

गावाबाहेर, खडी काढलेल्या एका खाणीत लोक नेमबाजीला जायचे. शनिवारी आम्ही ट्रकमधून जायचो. चाकं चिखलात फिरायची, खिडक्यांवर शिंतोडे उडायचे. कुंपणाच्या तारेवर पिवळ्या छातीचा एक पक्षी बसून गात असायचा. बार झाला की थांबायचा आणि कान बधिर होऊन मोकळे होईपर्यंत पुन्हा सुरू झालेला असायचा. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नेम धरायची सोय होती, पण वॉल्टर ती वापरायचे नाहीत. “डोंगरात टेबल नसतं.” ते चिखलात ताडपत्री अंथरून बसायचे, पाठपिशवीवर बंदूक टेकवायचे आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायचे. मग मी जाऊन कागद आणायचे. भोकांमधलं अंतर मोजायला मी लॅबमधून व्हर्नियर आणला होता.

पहिल्या शनिवारी वॉल्टरना त्यांच्या वडिलांकडून आलेली थर्टी-ओ-सिक्स होती. पाच भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरलेली. “नळी जुनी झाली,” वॉल्टर म्हणाले. पुढच्या वेळी त्यांनी दुकानदाराची मॅग्नम आणली. तिचा धक्का असा, की दोन आठवडे त्यांचा खांदा जांभळा होता. भोकं तशीच, ताटभर. मग हलक्या धक्क्याची टू-सेव्हन्टी. एकशे तीस ग्रेन, मग दीडशे, मग दुसऱ्या कंपनीच्या दीडशे. दर शनिवारी नवा डबा उघडताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. परत येताना ते त्या गोळीचे दोष सांगायचे: हिचं टोक फार बोथट, हिचं शिसं मऊ. मी मान हलवायचे आणि कागदांची गुंडाळी मांडीवर धरून बसायचे.

ते सगळे आकडे मी लॅबमध्ये संगणकावर भरत होते. नागपूरचा संकेत तिथे शेजारच्या टेबलावर असायचा, संख्याशास्त्रात पीएचडी करणारा. एप्रिलच्या मध्यात त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून बघितलं.

“हे काय आहे?”

मी सांगितलं. तीन बंदुका, पाच प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकीची पसरण.

त्याने खुर्ची ओढली, माझ्या माउसवर हात ठेवला आणि दोन मिनिटांत म्हणाला, “यार, यात गोळीचा काही संबंधच नाहीये. काहीही बदललं तरी पसरण तेवढीच राहतेय. जे बदललं नाही तेच कारण असणार ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे बंदूक धरणारा. डोळे चेक करायला सांग त्यांना. नाहीतर हात.”

मला ते माहीत होतं. कधीपासून, ते सांगता येणार नाही. वॉल्टर कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं, थंडी आहे म्हणून. गोळी बंदुकीत सरकवताना ती दोनदा-तीनदा कडेला टकटक वाजायची. मी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि तेच आकड्यांत समोर दिसणं वेगळं. आकडे बघितल्यावर मला न ऐकल्यासारखं करता येईना.

त्या संध्याकाळी मी ठरवून वर गेले. वॉल्टर बाहेर पन्हळ दुरुस्त करत होते. बेटी जेवणघरात त्यांचा शर्ट शिवत बसली होती. मी संगणकावरून छापून आणलेला कागद तिच्यापुढे ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. तिने अर्ध्यातच हात वर केला.

“हे बघ,” तिने शर्ट उलटा करून दाखवला. बटणांच्या पट्टीमागे तिने चेन लावली होती. बटणं नुसती वरून दिसायला शिवलेली. “जानेवारीपासून सगळ्या शर्टांना लावलीय. ते म्हणाले, हल्ली बटणं फार छोटी करतात. मी म्हटलं, हो ना.”

“डॉक्टरांकडे?”

“जाऊन आलो. वय झालं की काहींना होतं, म्हणाले. औषध आहे, पण त्याने झोप येते म्हणून हे घेत नाहीत.” तिने दोरा तोडला. “जीवाला धोका नाही म्हणे. फक्त थरथर.”

“पण मग शिकार...”

“तू सांगणार त्यांना?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, धाक नव्हता. खरंच विचारत होती. मी सांगितलं असतं तर बहुधा तिला सुटल्यासारखं वाटलं असतं. बाहेर शिडीवरून हातोडा खाली पडला. वॉल्टर स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मी तो कागद घडी करून खिशात घातला.

आता माझी नोकरीच ही आहे. बाटल्यांत औषध भरणाऱ्या मशिनचं माप हुकलं की ते का हुकलं ते शोधायचं. रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना असतो. त्यात ‘हाताळणारी व्यक्ती’ असं मी कितीदा लिहिलं असेल, एकदाही हात अडखळला नाही. त्या व्यक्तीचा चेहरा मी पाहिलेला नसतो. त्या वसंतात मात्र मी त्या व्यक्तीबरोबर ट्रकमध्ये बसून सँडविच खात होते. ते सँडविचचा मोठा तुकडा मला द्यायचे.

मेच्या पहिल्या शनिवारी बेटी म्हणाली, आज मीही येते. चिखल वाळायला लागला होता, खाणीच्या कडेला बारीक जांभळी फुलं आली होती. वॉल्टरनी टू-सेव्हन्टीच्या पाच गोळ्या मारल्या. कागद नेहमीसारखाच. “बेटी गुरांच्या रँचवर वाढलीय,” ते मला म्हणाले. “एके काळी माझ्याहून चांगली मारायची. मार गं, बघू.”

बेटीने नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले. मग ती ताडपत्रीवर बसली, चष्मा नाकावर वर ढकलला आणि त्याच पिशवीवर तीच बंदूक टेकवून तिने तीन बार काढले. फारसा वेळही घेतला नाही. वॉल्टर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. ते तसेच बसून राहिले. मी कागद आणायला गेले. तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, करंगळीचं नख झाकेल एवढी.

परत येताना शंभर यार्ड मला फार लांब वाटले. कागद दडवावासा वाटला, पण दडवणार कुठे. दुर्बिणीतून त्यांनी तो केव्हाच पाहिला होता.

“नशीब,” बेटी म्हणाली. “कैक वर्षांत हात लावला नव्हता. नुसतं नशीब.”

“म्हणजे बंदूक चांगली आहे,” वॉल्टर म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी काडतुसांची रिकामी टरफलं एकेक करून वेचली. वाकून वेचताना त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता ते स्वतःच म्हणतील, की जात नाही. मला केवढं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची तेवढीच लाजही वाटली.

पण मंगळवारी त्यांचे बूट पुन्हा माझ्या खिडकीत दिसले. खाली येऊन त्यांनी एक नवा डबा टेबलावर ठेवला. “तांब्याच्या. एकशे तीस ग्रेन. न्यूझीलंडचा गाइड फोनवर म्हणाला, तिकडे सगळे ह्याच वापरतात. तुझा संगणक काय म्हणतो?”

मी संगणकाला विचारलं. तो म्हणाला तेच मी सांगितलं: दोनशे यार्डांपर्यंत वेग भरपूर राहतो, गोळी फुलेल, खांद्याच्या हाडातूनही आत जाईल, ताहरला पुरेशी आहे.

“नक्की?”

“गोळी पुरेशी आहे,” मी म्हटलं.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते माझ्याकडे बघत होते आणि मी पडद्याकडे. मग मी त्यांना एक छोटं कार्ड छापून दिलं, कुठल्या अंतरावर गोळी किती पडेल त्याचं, आणि वर पारदर्शक टेप लावली, पावसात भिजू नये म्हणून. इतकी काळजी मी माझ्या प्रबंधाच्या तक्त्यांचीही घेतली नव्हती. दुसरं काहीच करता येत नसलं की माणूस अशा गोष्टी फार नीट करतो.

ते दोघं गेले आणि जूनच्या मध्यावर परत आले. मी विमानतळावरून त्यांना आणलं. वाटेत बेटी न्यूझीलंडच्या मेंढ्यांबद्दल बोलत राहिली. घरी आल्यावर वॉल्टर जेवणघराच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी मला समोर बसायला सांगितलं.

“एकशे ऐंशी यार्ड,” ते म्हणाले. “खाली उतारावर. वारा नव्हता. तुझं कार्ड बरोबर होतं.”

मी खुर्ची जवळ ओढली.

“मागे लागली. पोटात.” त्यांनी स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून जागा दाखवली. “एकदा खाली बसला. मग उठला आणि कड्यावरून पलीकडे गेला. गाइडला गोळी मारायला वेळच मिळाला नाही. दोन दिवस शोधला. पहिल्या दिवशी रक्त होतं. दुसऱ्या दिवशी ढग उतरले, मग स्वतःचे पायसुद्धा दिसेनात.”

बेटी नळाखाली कप धूत होती.

“तुला माहीत होतं,” वॉल्टर म्हणाले.

“हो.”

“आकड्यांवरून?”

“हो.”

नळ बंद झाला. वॉल्टरनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, जोर देऊन, तरी टेबलावरचा चमचा बारीक किणकिणत होता.

“मी सरळ विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?”

मला हो म्हणायचं होतं. “माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, वर्गात मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर मास्तर हलवतात तशी. “मीही म्हणूनच विचारलं नाही,” ते म्हणाले.

तो उन्हाळा साधाच गेला. ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, टोमॅटो आणून द्यायचे. बंदुका त्यांनी कपाटात ठेवल्या. ऑक्टोबर आला, गावात भगव्या जाकिटातली माणसं दिसायला लागली, ट्रकच्या मागे हरणांचे पाय दिसायला लागले. वॉल्टर त्या वर्षी गेले नाहीत. कुणी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणायचे.

त्याच महिन्यात एका दुपारी गाइडची ईमेल आली. वॉल्टर-बेटीकडे संगणक नव्हता, त्यामुळे पत्रव्यवहार माझ्याच पत्त्यावर व्हायचा. त्याने लिहिलं होतं, तिकडे आता बर्फ वितळतंय, पलीकडच्या ओढ्यात तो ताहर सापडला. गोळीवरून ओळख पटली. तो दोन किलोमीटर चालून गेला होता. वाटेत एका खडकाखाली बसायची जागा केलेली दिसली, म्हणजे काही दिवस तरी जगला असावा. शिंगं शाबूत आहेत, पाठवू का?

मी ती ईमेल छापली. जिन्याच्या पायऱ्या मोजून तेरा होत्या. सातव्या पायरीवर मी थांबले. खाली परतून ती ईमेल पुसून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. बाकीच्या पायऱ्या मी कशा चढले आठवत नाही.

वॉल्टरनी कागद हातात घेतला, पण अक्षरं हलत होती. त्यांनी तो परत दिला. “तूच वाच.”

मी वाचला. काहीही न गाळता. खडकाखालच्या जागेचंही वाचलं. बेटी दारात येऊन उभी राहिली होती.

“दोन किलोमीटर,” वॉल्टर म्हणाले. “मैलात सांग.”

“सव्वा मैल.”

त्यांनी तो कागद माझ्याकडून घेऊन टेबलावर उपडा ठेवला. मग म्हणाले, “त्या उतारावर.”

बेटी आत आली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. तिने त्यांचा हात धरला नाही, नुसती बसली. थोड्या वेळाने वॉल्टर म्हणाले, “शिंगं नकोत म्हणून लिही. आहेत तिथेच राहू देत.”

“आणखी काही लिहू?”

“नाही.”

मी खाली आले. खिडकीबाहेर त्या वर्षीचं पहिलं बर्फ भुरभुरत होतं, जमिनीला लागून विरघळत होतं. एका ओळीचं उत्तर होतं ते. लिहायला मला अख्खी दुपार लागली.